चष्मा नको, उजेड पुरे!

नाशिकच्या द्वारका चौकातून कन्नमवार पुलाकडे गाडी काढली आणि महामार्ग सोडलाच नाही, तर रस्ता थेट आग्र्याला नेऊन पोहोचवतो. एका नाशिककराने मात्र ताजमहाल त्याहून कितीतरी लांब, अमेरिकेत, चक्क टेबलावर उभा केला. साल २००१. लहानसे मॉडेल, रंग पांढराफटक, ना नक्षी ना जाळी. समोर दोन प्रोजेक्टर. ते सुरू झाले आणि कोऱ्या मॉडेलवर दगडाचा पोत उमटला, घुमटावर ऊन पडले, सावल्या सरकल्या. बघणाऱ्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, हातात कसलेही यंत्र नव्हते. ताजमहाल समोर होता आणि त्याच्याभोवती फिरता येत होते.

हा नाशिककर म्हणजे रमेश रासकर. बालपण नाशिकचे, इंजिनिअरिंग पुण्याच्या सीओईपीत, डॉक्टरेट नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात आणि २००८ पासून एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये. ऑगमेंटेड रिअॅलिटी, म्हणजे एआर, म्हटले की आपल्याला फोनवरचा पोकेमॉन किंवा सेल्फीतले कुत्र्याचे कान आठवतात. रासकरांनी १९९८ मध्ये ग्रेग वेल्च आणि हेन्री फुक्स यांच्यासोबत एक वेगळीच वाट मांडली: माणसाच्या डोळ्यांवर काही चढवू नका, वस्तूवरच चित्र टाका. या शाखेचे नाव स्पेशियल ऑगमेंटेड रिअॅलिटी. तिच्यावरचे मुख्य पुस्तक २००५ चे, लेखक ऑलिव्हर बिंबर आणि रमेश रासकर.

नाशिकमध्ये ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून हा सगळा खटाटोप. संशोधकांनी एआरचा कशाकशासाठी उपयोग केला, हे वाचताना मजा तर येतेच, पण माणसांबद्दल बरेच काही कळते. चला, एकेक किस्सा घेऊ.

द्वारकेत उभे राहून एआर

एआरचे तीन प्रकार समजून घ्यायला द्वारका चौक झकास आहे. डोक्यावर उड्डाणपूल, एका अंगाला पुणे रोड, दुसऱ्या अंगाला मुंबई नाका, समोर पंचवटीकडे जाणारा रस्ता, आणि रिक्षावाल्याला दर मिनिटाला कोणीतरी विचारतेय, ‘दादा, पुण्याची गाडी कुठून मिळेल?’

पहिला प्रकार फोनचा. फोन समोर धरला की कॅमेऱ्यातल्या रस्त्यावरच बाण दिसतो: इकडून वळा. गुगल मॅप्सच्या लाइव्ह व्ह्यूमध्ये हे होते. गंमत अशी की पुलाखाली उपग्रहाचा सिग्नल गडबडतो आणि निळा ठिपका रस्त्याच्या भलत्याच बाजूला जाऊन बसतो. म्हणून फोन नुसत्या उपग्रहावर विसंबत नाही, डोळे वापरतो. समोरचे खांब, इमारतींच्या कडा, दुकानांच्या पाट्या तो आधी काढून ठेवलेल्या स्ट्रीट व्ह्यूच्या फोटोंशी ताडून पाहतो आणि आपण नेमके कुठे, कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहोत ते ठरवतो. जुलै २०२२ मध्ये भारतात स्ट्रीट व्ह्यू सुरू झाले तेव्हा पहिल्या दहा शहरांत मुंबई-पुण्याच्या जोडीने नाशिक आणि अहमदनगर होते!

दुसरा प्रकार चष्म्याचा. बाण काचेवर दिसतो, हात मोकळे राहतात. तिसरा प्रकार उजेडाचा. बाण खरोखर रस्त्यावर किंवा पुलाच्या खांबावर पडतो आणि चौकातल्या प्रत्येकाला दिसतो. त्यासाठी कोणाकडे महागडा फोन असावा लागत नाही, ॲप उतरवावे लागत नाही, चष्मा परवडावा लागत नाही. पंढरपूरहून आलेल्या आजींना आणि कॉलेजच्या पोराला एकच बाण दिसतो. माझे मत विचाराल तर सामाजिक उपयोगासाठी तिसऱ्याला तोड नाही.

छताला टांगलेले डोके

एआरचा पहिला चष्मा १९६८ चा. आयव्हन सदरलँड यांनी हार्वर्डमध्ये तो बनवला. दोन्ही डोळ्यांसमोर इवलेसे पडदे, आणि यंत्र इतके जड की ते छताला टांगावे लागे. डोके हलवले की वरचा दांडा हलायचा आणि त्यावरून संगणकाला कळायचे की माणूस कुठे बघतोय. दिसायचे काय? हवेत तरंगणारा नुसत्या रेषांचा एक ठोकळा. पण खोली खरी आणि ठोकळा खोटा, दोन्ही एकदम दिसत होते.

‘ऑगमेंटेड रिअॅलिटी’ हे नाव मात्र विमानाच्या कारखान्यातून आले. बोइंगमध्ये वायरींचे जुडगे बांधायला प्रत्येक विमानासाठी वेगळे भलेमोठे फळे लागायचे. टॉम कॉडेल या संशोधकाने १९९० च्या सुमारास सुचवले की फळा एकच कोरा ठेवा आणि कुठली वायर कुठून न्यायची ते कामगाराला चष्म्यातून दाखवा. ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात ज्यांची हयात गेली त्यांना ही अडचण वेगळी समजावून सांगायला नको.

कथाकार मात्र सगळ्यांच्या पुढे होते. एल. फ्रँक बाऊम यांच्या १९०१ मधल्या ‘द मास्टर की’ या कादंबरीत एक चष्मा आहे. तो घातला की समोरच्याच्या कपाळावर अक्षर दिसते, चांगल्यासाठी एक, दुष्टासाठी दुसरे.

चित्राला औषध, तेही उजेडाचे

आता माझा सर्वांत लाडका किस्सा. तो जरा सविस्तर सांगायलाच हवा.

मार्क रोथको हा अमेरिकेचा मोठा चित्रकार. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने हार्वर्ड विद्यापीठासाठी भिंतभर मोठाली चित्रे काढली. त्यातली पाच १९६४ मध्ये एका इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या जेवणाच्या दालनात लागली. दालनाला मोठमोठ्या खिडक्या, त्यातून ऊन आत. रोथकोने वापरलेल्या किरमिजी रंगात लिथॉल रेड नावाचे रंगद्रव्य होते आणि ते उन्हात टिकत नाही. काही वर्षांत लाल उडाला, मागे निळसर छटा उरली. १९७९ मध्ये चित्रे उतरवून गोदामात ठेवली.

पुन्हा रंगवायची का? चित्राला वरून वार्निश नव्हते, त्यामुळे आज लावलेला रंग उद्या काढता आला नसता. आणि रोथकोच्या चित्रावर दुसऱ्याचा कुंचला फिरला की ते रोथकोचे राहते का, हाही प्रश्न होताच. तब्बल तीन दशके कोणाला उत्तर सापडले नाही.

उत्तर सापडले ते प्रोजेक्टरमध्ये. हार्वर्डच्या कलासंग्रहालयाचे येन्स स्टेंगर आणि नारायण खांडेकर, एमआयटीचे रमेश रासकर व त्यांचे सहकारी आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझेल विद्यापीठाचे रुडोल्फ गश्विंड असे सगळे एकत्र आले. चित्रे लागली तेव्हाचे, १९६४ चे, रंगीत फोटो होते, तेही विटलेले. गश्विंड यांनी आधी फोटोंचे रंग परत आणले. मालिकेतले एक चित्र भिंतीवर कधी लागलेच नव्हते, त्यामुळे ते उन्हापासून वाचले होते. मूळ रंग कसा होता याची ती साक्ष. मग कॅमेऱ्याने आजचे फिकट चित्र टिपले आणि संगणकाने ठिपक्याठिपक्याला हिशेब मांडला: इथे किती लाल कमी पडतोय, तिथे किती. प्रोजेक्टरने तेवढाच रंग उजेड म्हणून चित्रावर टाकला. ना जास्त, ना कमी. चित्राच्या कापडाला कोणाचा हात लागला नाही आणि रोथको १९६४ च्या रंगात भिंतीवर परत आला.

नोव्हेंबर २०१४ मध्ये हे प्रदर्शन उघडले. रोज दुपारी चारला प्रोजेक्टर बंद केले जात. लोक मुद्दाम त्या वेळेला थांबत. डोळ्यांदेखत लाल मावळायचा आणि खरे, विटलेले चित्र उरायचे. काय खरे आणि काय उजेडाचे, हे संग्रहालयाने लपवले नाही. मला या प्रयोगातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. वारसा जपायचा तर असा, खोटे न बोलता.

असाच एक प्रयोग स्पेनमध्ये झाला. पिरेनीज पर्वतातल्या ताउल या गावच्या जुन्या चर्चमधली बाराव्या शतकातली भित्तिचित्रे शंभर वर्षांपूर्वी काढून बार्सिलोनाच्या संग्रहालयात नेली होती. गावकऱ्यांकडे उरल्या रिकाम्या भिंती. २०१३ पासून त्याच भिंतींवर प्रोजेक्टरने मूळ चित्रे उभी केली जातात. गावाला आपली चित्रे परत मिळाली, संग्रहालयाकडून न घेता.

खुर्चीवर कोणी नाही, तरी बसवेना

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या जेरेमी बेलेन्सन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये एक खुसखुशीत प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एआर चष्मा दिला. खोलीतल्या खऱ्या खुर्चीवर त्यांना ‘क्रिस’ नावाचा एक आभासी माणूस बसलेला दिसायचा. नंतर त्यांना सांगितले, दोनपैकी एका खुर्चीवर बसा. चष्मा घातलेल्यांनी क्रिसची खुर्ची टाळली. त्याहून मजेशीर म्हणजे ज्यांनी चष्मा काढून ठेवला होता, त्यांच्यातल्याही बहुतेकांनी ती रिकामी खुर्ची टाळली!

त्याच मालिकेत लोकांना शब्दकोडी दिली. क्रिस समोर बसलेला असला की सोपी कोडी पटापट सुटायची आणि अवघड कोड्यांनी घाम फुटायचा. अगदी खरा माणूस बघत असल्यासारखे. पाहुण्यांसमोर पाढे म्हणायला लावलेल्या प्रत्येक मराठी मुलाला हा निष्कर्ष तोंडपाठ आहे.

मोठे बिस्कीट, लवकर पोट भरते

टोकियो विद्यापीठात ताकुजी नारुमी आणि मिचिताका हिरोसे यांनी जिभेला चकवण्याचा उद्योग केला. साध्या बिस्किटावर एआरने चॉकलेट बिस्किटाचे रूप चढवले, जोडीला नळीतून चॉकलेटचा वास सोडला. खाणाऱ्यांपैकी पुष्कळांना चव बदलल्यासारखी वाटली. बिस्कीट तेच.

२०१२ मध्ये ते आणखी पुढे गेले. हातातले बिस्कीट चष्म्यातून मोठे दाखवले, हात मात्र नेहमीएवढाच. मोठे दिसले की लोकांचे पोट लवकर भरले, साधारण दहा टक्के कमी खाल्ले. लहान दाखवले की जास्त खाल्ले. वजन कमी करू पाहणाऱ्यांनी लगेच चष्म्याच्या दुकानात धाव घेऊ नये, कारण हा प्रयोगशाळेतला प्रयोग आहे. पण ‘ताट लहान घ्या’ हा घरातल्या मोठ्यांचा सल्ला अशा वेळी आठवतोच.

खोटी झुरळे, खरे धाडस

स्पेनमधल्या क्रिस्तिना बोतेया, कार्मेन हुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ च्या सुमारास झुरळाला आणि कोळ्याला प्रचंड घाबरणाऱ्या लोकांवर एआरने उपचार केले. नुसते ‘ईऽऽ’ करणारे लोक नव्हेत. झुरळ दिसेल या भीतीने ज्यांचे रोजचे जगणे अडते, असे. रुग्ण खऱ्या टेबलावर खरा हात ठेवतो आणि चष्म्यातून त्याला हाताशेजारी खोटे झुरळ चालताना दिसते. आधी एक, मग अनेक. डॉक्टर हवे तेव्हा त्यांची संख्या, आकार, वेग बदलतात, हवे तेव्हा थांबवतात. खऱ्या झुरळाला हे सांगता येत नाही! उपचाराअखेर रुग्ण खऱ्या झुरळाजवळ जाऊ शकले.

नसलेला हात दुखतो तेव्हा

हात किंवा पाय कापावा लागलेल्या कितीतरी माणसांना तो नसलेला अवयव दुखत राहतो. मूठ आवळलीय, सुटत नाही, अशी कळ. औषधांनी अनेकांना उतार पडत नाही. स्वीडनच्या चाल्मर्स विद्यापीठातले माक्स ओर्तीस-कातालान यांनी उरलेल्या दंडावर इलेक्ट्रोड लावले. रुग्णाला पडद्यावर स्वतःचेच चित्र दिसते, पण त्याला पूर्ण हात असतो. मनात मूठ उघडायचा विचार केला की दंडाचे स्नायू हलतात आणि पडद्यावरचा हात मूठ उघडतो. त्याच स्नायूंनी गाड्यांच्या शर्यतीचा गेमही खेळता येतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१६ साली आलेल्या अहवालानुसार बाकी उपाय थकलेल्या चौदा रुग्णांना बारा बैठकांनंतर वेदना जवळपास निम्म्यावर आल्याचे आढळले. चौदा ही संख्या लहान आहे, पण वर्षानुवर्षे झोप उडालेल्या माणसाला निम्मी कळ कमी होणे म्हणजे काय, हे त्यालाच विचारा.

मुलांसाठीही असेच काम झाले आहे. स्टॅनफर्डच्या ‘सुपरपॉवर ग्लास’ प्रकल्पात स्वमग्न मुलांना चष्मा दिला. समोरच्याचा चेहरा पाहून तो सांगतो: हे हसताहेत, हे रागावलेत, यांना नवल वाटतेय. ७१ मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. चष्मा वापरणाऱ्या मुलांच्या सामाजिक वागण्यात नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा जास्त सुधारणा दिसली. ही सुधारणा चष्मा घरात, आई-वडिलांसोबत वापरून झालेली होती, हे विशेष.

आणि शीर सापडत नाही म्हणून बाळाला पुन्हापुन्हा सुई टोचली जाते तेव्हा? त्यावर उजेडाचा इलाज आहे. अमेरिकेत मेम्फिसच्या हर्बर्ट झेमन यांनी विकसित केलेले यंत्र त्वचेवर न दिसणारा अवरक्त प्रकाश टाकते. रक्तातले हिमोग्लोबिन तो शोषते, आजूबाजूची त्वचा परतवते. कॅमेरा हा फरक टिपतो आणि प्रोजेक्टर शिरांचा नकाशा थेट हातावर उमटवतो. नर्सला मान वळवून पडद्याकडे बघावे लागत नाही. हीसुद्धा चष्म्याविना एआरच.

वाळूत ब्रह्मगिरी

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत ऑलिव्हर क्रेलोस यांनी २०१२ च्या सुमारास वाळूची एक पेटी बनवली. वर व्हिडिओ गेमचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर. वाळूचा डोंगर करा, त्यावर लगेच उंचीच्या रेषा आणि रंग उमटतात. खड्डा करा, तो निळा होतो. वाळूवर हात पसरून धरा, पाऊस पडतो आणि आभासी पाणी उतारावरून वाहत जाऊन सखल भागात साचते. सॉफ्टवेअर फुकट दिल्याने जगभरच्या शाळांनी आणि संग्रहालयांनी ही पेटी स्वतः जुळवली.

नाशिकच्या शाळेत ही पेटी आली, तर मुलांनी पहिला डोंगर ब्रह्मगिरीचा करावा. त्र्यंबकला पाऊस झाला की गंगापूर धरण कसे भरते, विसर्ग सोडला की होळकर पुलाखाली काय होते, हे हाताने करून कळेल. आपल्याकडे गोदावरीचे पाणी मोजायला दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला लागले, ही नाशिककरांची पुराची मोजपट्टी कोणाला शिकवावी लागत नाही. वाळूची पेटी मुलांना त्या पाण्याचा आधीचा प्रवास दाखवेल.

धारावीची भिंत बोलते

दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर राम देवीनेनी यांनी ‘प्रियाज शक्ती’ हे कॉमिक केले. नायिका प्रिया, अत्याचारातून वाचलेली, वाघावर स्वार. २०१४ मध्ये ते मुंबईत आले, तेव्हा धारावीत आणि शहरात अन्यत्र तिची भित्तिचित्रे रंगवली. फोन धरला की भिंतीवरचे चित्र हलू लागते आणि वाचलेल्या स्त्रियांचे अनुभव उलगडतात. पुढच्या भागांत अॅसिड हल्ला आणि मुलींची तस्करी हे विषय आले. ज्या विषयावर घरात कोणी तोंड उघडत नाही, तो विषय पोरांनी कुतूहलापोटी भिंतीसमोर उभे राहून ऐकावा, ही कल्पनाच भारी आहे.

शाळांच्या बाबतीत महाराष्ट्राची वाट साधी आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, पुढे बालभारतीच्या पुस्तकांत ते राज्यभर आले आणि २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ गुरुजींना मिळाला. फोन पानावर धरायचा आणि पानामागचे काहीतरी बघायचे, ही सवय आपल्या मुलांना तेव्हाच लागली.

पोकेमॉनने चालवले, पण किती दिवस?

२०१६ मध्ये पोकेमॉन गो आला तेव्हा लोक घराबाहेर पडून चालायला लागले म्हणून डॉक्टर खूश झाले. अमेरिकेतल्या संशोधकांनी पावले मोजली. पहिल्या आठवड्यात रोज सरासरी ९५५ पावले वाढली. सहाव्या आठवड्यापर्यंत सगळे पूर्वपदावर! ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास आला. नुसत्या नवलाईवर सवय टिकत नाही. एआरच्या नावाखाली गाजणाऱ्या प्रत्येक नव्या ॲपला मी हीच सहा आठवड्यांची परीक्षा लावते.

आधी फाळके, त्याआधी खरोलिका

उजेडाचा खेळ मराठी माणसाला नवा नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ सुरू केली. काचेवर रंगवलेली चित्रे, मागे दिवा, समोर पडदा आणि जोडीला निवेदन. काचा अशा सरकवायच्या की चित्र हलल्यासारखे वाटे. पटवर्धन कुटुंबाने हे खेळ ठिकठिकाणी केले.

मग त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके. सिनेमा करायचा तर भांडवल हवे; भांडवलदाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी १९१२ मध्ये कुंडीत वाटाणा पेरला आणि तो उगवताना रोज थोडे थोडे चित्रित केले. ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर मिनिटभरात उलगडली आणि पैसे उभे राहिले. फाळके जादूचे प्रयोगही करत, नाव ‘प्रोफेसर केळफा’. फाळके उलटे वाचले की झाले! ‘राजा हरिश्चंद्र’नंतर त्यांनी मुक्काम नाशिकला हलवला, हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी इथेच उभी राहिली आणि १६ फेब्रुवारी १९४४ ला त्यांनी इथेच देह ठेवला. एकाने मिनिटात महिना दाखवला. रासकरांच्या चमूने २०११ च्या सुमारास सेकंदाला एक लाख कोटी चौकटींच्या वेगाची प्रतिमा घेऊन बाटलीतून प्रकाश पुढे सरकताना दाखवला. दोघांचेही गाव नाशिक, आणि याचा अभिमान मी उघडपणे मिरवते.

पुस्तक म्हणते, मी इथे!

रासकर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक अफलातून दिवा मांडला. वस्तूंवर छोट्या चिपा चिकटवायच्या, त्या चिपांना प्रकाश ओळखता येतो. हातातल्या प्रोजेक्टरचा झोत टाकला की प्रत्येक चिप आपली जागा सांगते आणि झोत हव्या त्या वस्तूवर खूण करतो. गोदामात मुदत संपत आलेले खोके उजळते, ग्रंथालयात चुकीच्या जागी ठेवलेले पुस्तक. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० पासून चालू आहे. तिथल्या कपाटांत हरवलेले एखादे दुर्मीळ पुस्तक असे आपणहून उजळावे, असे कोणाला वाटणार नाही?

आता आपली पाळी

रासकर नाशिकला विसरले नाहीत. २०१५ च्या सिंहस्थाआधी त्यांच्या पुढाकाराने ‘कुंभथॉन’ झाले. कॉलेजची मुले, डॉक्टर, अधिकारी आणि एमआयटीचे संशोधक एकत्र बसले. २००३ च्या कुंभातल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक गेले होते, ती जखम सगळ्यांच्या मनात होती. त्यातून एका शाळकरी मुलाने आणि त्याच्या साथीदारांनी पावले मोजणारी चटई बनवली, ‘आशिओतो’. चटईवरून किती माणसे गेली यावरून पुढे गर्दी किती साठतेय याचा अंदाज यायचा. पुढे टीसीएसने नाशिकमध्ये ‘डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर’ हे केंद्रही काढले.

पुढचे सिंहस्थ स्नान २०२७ मध्ये. देशभरातून येणाऱ्यांपैकी अनेकांना मराठी वाचता येत नाही, अनेकांना काहीच वाचता येत नाही. द्वारकेच्या पुलाखाली, रामकुंडाच्या वाटेवर, बसस्थानकाच्या भिंतीवर रात्री उजेडाचे बाण पडले, गर्दी वाढली की बाणांनी दिशा बदलली, तर कोणाच्याही खिशातल्या फोनची गरज उरणार नाही. तंत्र तर नाशिकच्याच माणसाने जगाला दिलेले आहे. महापालिकेने आणि कुंभ प्राधिकरणाने इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांना हे काम आत्ताच द्यावे.

आणि कुंभाची वाट न पाहता करण्यासारखे एक काम. द्वारकेवरून त्याच महामार्गाने तासाभरावर चांदवड लागते. तिथल्या होळकरांच्या रंगमहालात मराठा काळातली भित्तिचित्रे आहेत, पुष्कळशी विटलेली, काही उडालेली. त्यांच्यावर नवा रंग फासू नये. रोथकोला दिले तसे उजेडाचे औषध त्यांना देता येईल. विरुद्ध दिशेला पांडवलेणीत तिसऱ्या लेण्यात सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा ब्राह्मी लेख आहे. रोज किती माणसे त्याच्यासमोर फोटो काढतात आणि ओळही न वाचता परततात. तिथे दगडाला हात न लावता अक्षरांशेजारी मराठी अर्थ उमटवता येईल.

पण रोथकोची चित्रे उजळली ती १९६४ चे फोटो कोणीतरी जपून ठेवले होते म्हणून. ते नसते तर मोठमोठ्या विद्यापीठांना काही करता आले नसते. तुमच्या घरच्या अल्बममध्ये रंगमहालाचा, जुन्या वाड्यातल्या रंगवलेल्या भिंतीचा, गोदाकाठच्या एखाद्या मंदिराचा जुना फोटो असेल. सहलीचा असेल, लग्नाचा असेल, मागे भिंत नुसती डोकावत असेल तरी चालेल. तो या रविवारी स्कॅन करा, मागे साल आणि ठिकाण लिहा आणि एक प्रत जवळच्या वाचनालयात किंवा वस्तुसंग्रहालयात देऊन या.